हिरवा दिवा

रिब्निकच्या तंत्रमहाविद्यालयात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या वर्गात कंपनीने दिलेली बारा पॅनेलं आहेत.
प्रत्येकावर कंपनीचं नाव, प्रत्येकावर एक हिरवा दिवा,
आणि सोबतच्या करारात एकच ओळ ठळक:
जूनपर्यंत चाळीस मुलं,
पहिल्या दिवसापासून कामाला लागतील अशी.

वाईट काय आहे त्यात?
एकेक खाण बंद होताना बघत वाढलीत ही मुलं.
सिल्व्हियाची आई रात्रभर बेकरीत उभी असते,
तिमोन घरभाड्याचा अर्धा वाटा उचलतो.
त्यांच्यापुढे मी विचार, विवेक वगैरे काढते
तेव्हा माझं मलाच ऐकू येतं:
दर महिन्याला ज्यांचा पगार होतो, त्यांचा आवाज.

म्हणून शिकवते. मिथेनचा सेन्सर कसा उघडायचा,
शून्य कसं लावायचं, नमुना वायू किती सेकंद सोडायचा,
दोन टक्क्यांवर वीज आपोआप कशी तुटली पाहिजे.
हात बसेपर्यंत. परत. परत.
हात बसला की डोकं मोकळं होतं, असं मला वाटायचं.
होतंही.
पण घर मोकळं झालं म्हणून
कोणी राहायला येतंच असं नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी
वडिलांच्या डब्यातली पिशवी वर्गात नेली,
पाव गुंडाळायची, साधी, प्लास्टिकची.
एका सेन्सरच्या तोंडाला चढवली, वर रबरबँड,
आणि वायूची नळी सोडली.
दिवा हिरवाच.
म्हटलं, शोधा बिघाड.

अकरा मिनिटं त्यांनी तारा तपासल्या, फ्यूज तपासले,
प्रोग्रॅमची एकेक ओळ बोटाखालून घातली.
पिशवी दिसली नाही असं नाही.
पिशवी पुस्तिकेत नव्हती.

मग तिमोन म्हणाला, ही त्यानेच लावली असणार
ज्याला त्या महिन्याचा बोनस हवा होता.
आणि सिल्व्हिया, खिडकीकडे बघत:
बोनस टनावर द्यायचा, हे कोणी ठरवलं?
वर्ग पहिल्यांदाच इतका गप्प.
मागून एकाने विचारलं, बाई, हे परीक्षेत आहे?
नाही.
निम्मी पेनं खाली गेली.

विभागप्रमुख वित्कोव्स्की भले गृहस्थ.
म्हणाले, तासामागे वीस मिनिटं जातात तुमची,
वर्षाची बेरीज करून दाखवू?
मी म्हटलं, नको, करता येते मला.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर खोटं होईल.
कोर्नेल. धोक्याची रेषा कोण आखतं यावर
त्याने मला चार पानं लिहून दिली,
मी ती दोनदा वाचली, घरी नेली.
त्याच कोर्नेलच्या पॅनेलवर
घंटा वाजली नाही. तार उलटी.
प्रश्न झकास होता.
खाली माणसं असती, तर त्या प्रश्नाने
एकही वर आला नसता.

माझे वडील पिशवीमुळे मेले नाहीत.
ते ती लावायचे.
एर्विन, तेवीस वर्षं खाली, मग कबुतरं, मग दमा.
शेवटच्या हिवाळ्यात, सूप निवत असताना,
मी न विचारताच म्हणाले:
सेन्सर कसा चालतो ते आम्हाला उत्तम शिकवलं होतं.
म्हणून तर फसवता आला.

काल कुलूप लावायला गेले.
अंधारात बारा हिरवे ठिपके.
एरवी दार ओढून घेते. काल आत गेले,
आंधळ्यासारखी एकेका सेन्सरच्या तोंडावरून हात फिरवत.
सातव्याला पिशवी होती.
माझी नव्हे. माझी घरी, डब्यात.
हिला राईच्या पावाचा, मोहरीचा वास होता,
आणि रबरबँड दुहेरी, नीट, कौशल्याने बसवलेला.

कोणीतरी शिकलंय.
पिशवी हातात धरून मी बराच वेळ
तशीच उभी राहिले,
बाराही दिवे हिरवे.